चिठ्ठी, वाटप आणि अनुमान : प्रस्तावना

उस्मानाबाद जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव वर्तमानपत्रांत बहुधा पावसाने ओढ दिली की येते. कर्करोगाच्या अभ्यासकांना मात्र हा जिल्हा जगभर ठाऊक आहे तो निराळ्या कारणाने. या शतकाच्या आरंभी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून इथल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठी चाचणी घेतली. खेड्यांचे ५२ समूह पाडण्यात आले. त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चाचणीत आल्या. काही समूहांत एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झाली, काहींत पेशींची तपासणी झाली, काहींत ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली. उरलेल्या समूहांत नेहमीची आरोग्यसेवा होती तशीच चालू राहिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. त्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी दगावल्या, तर तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४.

हे आकडे वाचताना चोखंदळ वाचकाच्या मनात एक शंका यावी, अशी आमची इच्छा आहे. जिथे तपासणी झाली ती गावे मुळातच बरी असतील तर? रस्त्यालगतची, दवाखान्याजवळची, शिकलेल्या बायकांची? शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर असे, की कोणत्या समूहाला काय मिळावे हे डॉक्टरांनी ठरवले नव्हते, सरपंचांनी नव्हते, जिल्हा परिषदेनेही नव्हते. ते यदृच्छेवर सोपवलेले होते. आणि मग ३४ आणि ६४ यांतला फरक नुसत्या त्या यदृच्छेच्या लहरीने पडू शकतो का, याचा हिशेब मांडला गेला. आधी वाटप, मग अनुमान. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे, आणि पहिल्यावाचून दुसरे उभे राहत नाही हे त्याचे म्हणणे.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांचा सुरुवातीला एक ग्रह असतो : रुग्ण पुष्कळ घेतले की सत्य आपोआप हाती येते. हा ग्रह किती फसवा आहे हे पाहण्यासाठी १९५४ साली अमेरिकेत झालेल्या पोलिओ लसीच्या चाचणीकडे जाऊ. जोनास साल्क यांची ती लस. चाचणी दोन पद्धतींनी झाली. काही भागांत दुसरीच्या वर्गातल्या मुलांना, पालकांची संमती असेल तर, लस टोचली आणि पहिली-तिसरीची मुले तुलनेसाठी धरली. इतर भागांत ज्या मुलांच्या पालकांनी संमती दिली, त्यांच्यातच यादृच्छिक वाटप केले : निम्म्यांना लस, निम्म्यांना तिच्यासारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण. कोणाला काय टोचले हे ना मुलाला ठाऊक, ना आईबापांना, ना निदान करणाऱ्या डॉक्टरला.

या दुसऱ्या पद्धतीत लस मिळालेल्यांमध्ये पोलिओचे प्रमाण लाखाला २८ आढळले आणि द्रावण मिळालेल्यांमध्ये ७१. आता तिसरा आकडा पाहा. ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नाही, त्या मुलांमध्ये ते लाखाला ४६ होते. म्हणजे लस न मिळालेल्या दोन गटांत एवढी तफावत. कारण असे, की संमती देणारी कुटुंबे सरासरीने सुस्थितीतली होती आणि पोलिओ हा त्या काळी स्वच्छ घरांवर अधिक आघात करणारा आजार होता. गरीब वस्तीतल्या मुलाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असतानाच सौम्य संसर्ग होऊन जाई आणि पुढे तो सुरक्षित राही. सुस्थितीतल्या घरात ती वेळ टळे आणि आजार मोठेपणी गाठी. साहजिकच पहिल्या पद्धतीत, जिथे तुलनेच्या मुलांत संमतीचे आणि बिनसंमतीचे दोन्ही मिसळलेले होते, लसीचा फायदा कमी दिसला : २५ विरुद्ध ५४. लस तीच, वर्ष तेच, आणि त्या पहिल्या पद्धतीत मुले सुमारे दहा लाख. तरीही यादृच्छिक वाटपाच्या पद्धतीत फरक लाखाला ४३ चा आणि या पहिलीत २९ चा. संख्येने दोष झाकला जातो, भरून निघत नाही.

यादृच्छिक वाटपाची कल्पना दवाखान्यात नव्हे, शेतात वाढली. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात दाखल झाले. एका वाफ्याला एक खत, दुसऱ्याला दुसरे, आणि पीक कुठे जास्त आले ते पाहायचे, अशी तिथली रीत होती. पण जमीन कुठेच एकसारखी नसते. एका कोपऱ्यात ओल धरून ठेवणारी माती, दुसरीकडे चुनखडी. खताचा गुण कोणता आणि मातीचा कोणता, हे वेगळे कसे काढावे? फिशर यांनी सांगितले की खते वाफ्यांना यदृच्छेने वाटा. मातीचा फरक त्याने नाहीसा होत नाही, पण तो कोणत्याही एका खताच्या पारड्यात ठरवून पडत नाही. आणि मुख्य म्हणजे, तो किती पडू शकतो याचे गणित करता येते. १९३५ सालच्या त्यांच्या ‘डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथात हा विचार पूर्णपणे मांडला गेला.

या परंपरेत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही, म्हणून इथे क्षणभर थांबतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले आणि तिथे या शास्त्राच्या घडणीच्या काळातच त्याचे शिक्षण घेऊन परतले. त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी मिळून लिहिलेले शेती-प्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचे पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले, आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर तयार झाल्या. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे अनुमानशास्त्र शिकले, आणि १९५३ पासून पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

शेतातून ही पद्धत दवाखान्यात कशी आली, हे १९४८ च्या एका शोधनिबंधात स्पष्ट दिसते. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध फार थोडे मिळत होते. सगळ्यांना पुरणे शक्यच नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे या चाचणीचे संख्याशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांना स्वतःला क्षय झालेला होता. त्यांनी यादृच्छिक संख्यांच्या आधारे प्रत्येक रुग्णालयासाठी, स्त्रियांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी, यादी तयार केली. प्रत्येक नोंद एका मोहोरबंद पाकिटात गेली. पाकिटावर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक. रुग्ण चाचणीस योग्य आहे असे तज्ज्ञ मंडळाने ठरवल्यावरच त्या क्रमांकाचे पाकीट फोडायचे आणि आतल्या कार्डावर काय लिहिले आहे ते पाहायचे : स्ट्रेप्टोमायसिन की नुसती विश्रांती. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला हे सांगितलेले नव्हते. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ जण दगावले होते आणि विश्रांतीच्या गटातले ५२ पैकी १४. केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे, असे निबंधात म्हटले होते.

वाचकांनी इथे पाकिटाकडे लक्ष द्यावे. यादी यादृच्छिक असणे ही एक गोष्ट. पुढचा क्रमांक कोणता हे रुग्ण घेणाऱ्या डॉक्टरला आधी न कळणे ही दुसरी. एकाआड एक रुग्णाला औषध द्यायचे असे ठरवले तर वाटप समसमान होते, पण पुढची पाळी औषधाची नाही हे डॉक्टरला दिसते. आणि समोर दोन लेकरांची आई खोकत बसलेली असेल तर तो तिला उद्या यायला सांगेल. त्याचा हेतू चांगलाच असतो. चाचणी मात्र तिथेच बिघडते. १९९५ मध्ये २५० चाचण्या तपासून केलेल्या एका अभ्यासात आढळले की वाटप नीट गुप्त न राखलेल्या चाचण्यांत उपचाराचा परिणाम, शक्यतांच्या गुणोत्तरात मोजला तर, ४१ टक्के फुगवून दिसत होता. आता पाकिटांऐवजी संगणकावरून किंवा फोनवरून मध्यवर्ती वाटप होते ते याचसाठी.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. चिठ्ठीने वाटप केल्यावर तिच्यातूनच अनुमान कसे निघते? कागद घ्या. समजा, तापाचे आठ रुग्ण आहेत. चिठ्ठ्या टाकून चौघांना औषध दिले, चौघांना दिले नाही. औषध मिळालेल्यांचा ताप ३, ४, ५ आणि ७ दिवसांत उतरला. बाकीच्यांचा ६, ८, ९ आणि १० दिवसांत. औषधाच्या गटाची बेरीज १९, दुसऱ्याची ३३. औषधाला गुण आहे असे म्हणावे का? क्षणभर उलट माना : औषधात काहीच अर्थ नाही, आणि प्रत्येकाचा ताप औषध मिळो न मिळो तेवढ्याच दिवसांत उतरला असता. मग हे आठ आकडे ठरलेलेच होते. बदलू शकत होती ती फक्त चिठ्ठी. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत आणि चिठ्ठीमुळे त्यांतला प्रत्येक सारखाच संभवनीय होता. या ७० मध्ये बेरीज १९ किंवा त्याहून कमी येणारे प्रकार किती? ३, ४, ५, ६ म्हणजे १८. ३, ४, ५, ७ म्हणजे १९. तिसरा नाही. सत्तरात दोन, म्हणजे सुमारे ०.०२९.

पी-मूल्य म्हणतात ते हेच. घंटाकार वक्र लागला नाही, रुग्ण कुठल्या महासागरासारख्या लोकसंख्येतून नमुना म्हणून आले असे मानावे लागले नाही. शक्यता कुठून आली असे कोणी विचारले तर उत्तर स्वच्छ आहे : ती आपणच टाकलेल्या चिठ्ठीतून आली. चिठ्ठी टाकली नसती, डॉक्टरांनी आपल्या मताने चार जण निवडले असते, तर ‘७० प्रकार सारखेच संभवनीय’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार आपल्याला नसता, आणि ०.०२९ या आकड्याला अर्थ राहिला नसता. आम्हांला या शास्त्रात सगळ्यांत सुंदर वाटणारी जागा ही आहे.

याच उदाहरणात आणखी एक धडा दडलेला आहे. आपण फक्त ‘औषधाने ताप लवकर उतरतो का’ एवढेच पाहिले. औषध अपायकारकही ठरू शकते, हे मनात धरले तर उलट्या बाजूचे तेवढेच टोकाचे प्रकारही मोजावे लागतात : बेरीज ३३ आणि ३४. मग सत्तरात चार, म्हणजे ०.०५७. रूढ रेषा ०.०५ ची. एका हिशेबात निकाल रेषेच्या आत, दुसऱ्यात बाहेर. आकडे मात्र तेच. म्हणून कोणता हिशेब करायचा हे निकाल पाहण्याआधी लिहून ठेवणे भाग असते, आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे असण्याला फार महत्त्व देणे शहाणपणाचे नसते.

पी-मूल्याविषयीचे गैरसमज पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे एकच सांगतो. पी-मूल्य ०.०३ आले याचा अर्थ औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ३ टक्के आहे, असा होत नाही. औषध निरुपयोगी आहे असे धरून चालल्यावर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, असा होतो. आणि फरक आहे की नाही याइतकाच तो किती आहे हा प्रश्नही रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघर ऐकू येतो. तो लवकरच्या टप्प्यात असताना, मानेतल्या गाठी हाताला लागत नसतानाच, त्या मूळ शस्त्रक्रियेबरोबर काढाव्यात की पुढे दिसल्या तर काढाव्यात, हा वाद अनेक वर्षे चालू होता. टाटा स्मारकात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले : गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते आणि वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान आधी उघडली तर एक जीव वाचतो. मृत्यूच्या जोखमीचे गुणोत्तर ०.६४ आले (१ म्हणजे फरक नाही) आणि त्याचे विश्वासांतर, म्हणजे आकड्यांशी जुळणाऱ्या गुणोत्तरांचा पल्ला, ०.४५ ते ०.९२. हे विश्वासांतर वाचायची सवय लावून घ्या. फायदा भरघोस असू शकतो, बेताचाही असू शकतो, पण हानी या आकड्यांशी जुळत नाही, एवढे ते एका दृष्टिक्षेपात सांगते.

आकडे उकरत बसले की मात्र त्यांतून वाटेल ते निघते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनने मृत्यू घटतात हे तिथे निर्विवाद सिद्ध झाले. संपादकांनी रुग्णांच्या निरनिराळ्या उपगटांचे निकाल मागितले, तेव्हा संशोधकांनी त्यांत एक जन्मराशींचा तक्ताही घातला. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा किंचित अपायच झालेला दिसत होता, बाकीच्यांना मोठा फायदा. (या पाश्चात्त्य, जन्मतारखेवरून धरलेल्या सूर्यराशी, आपल्या पंचांगातल्या चंद्रराशी नव्हेत.) रुग्णांची पुरेशी बारीक विभागणी केली की कुठल्यातरी तुकड्यात विपरीत आकडा सापडणारच, हे त्यांना दाखवायचे होते. ‘अमुक वयाच्या, अमुक रक्तगटाच्या लोकांना हे औषध लागू पडत नाही’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तो तक्ता आठवावा.

वाटप झाल्यावर ते मोडायचे नाही, हा नियम नवख्याला सर्वांत चमत्कारिक वाटतो. औषधाच्या गटातल्या ज्याने गोळ्या घेतल्याच नाहीत त्याला त्याच गटात का मोजायचे? त्याचे उत्तर १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट या औषधाची चाचणी झाली होती. औषध नेमाने घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के पाच वर्षांत दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के. एवढेच पाहिले तर औषध रामबाण वाटते. पण निर्गुण गोळी मिळालेल्या गटातही नेमाने घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्केच दगावले होते आणि टाळणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. ज्या गोळीत औषधच नाही ती नियमित घेतल्याने आयुष्य वाढले असे म्हणता येत नाही. नियमित गोळी घेणारा माणूसच निराळा असतो. दोन्ही गट पूर्ण धरले तर मृत्यूंचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखेच होते. चिठ्ठीने केलेली विभागणी मोडून माणसांनी आपल्या वागण्याने केलेली विभागणी स्वीकारली, की आपण पुन्हा पोलिओच्या त्या पहिल्या पद्धतीवर येतो.

आता एका अवघड प्रश्नाकडे. रुग्णाचा उपचार चिठ्ठीवर सोपवणे माणुसकीला धरून आहे का? हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही अडाणी समजत नाही. तो विचारलाच पाहिजे. चिठ्ठी टाकण्याचा अधिकार फक्त तेव्हाच मिळतो, जेव्हा दोन उपचारांपैकी बरा कोणता हे जाणकारांनाही खरोखर ठाऊक नसते आणि रुग्णाने समजून-उमजून होकार दिलेला असतो. १९४८ च्या चाचणीत तुलनेच्या गटातल्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलेले नव्हते; आज ते चालणार नाही. उस्मानाबादच्या तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावरही कडक टीका झाली. तिथे तेव्हा तपासणीची कसलीच व्यवस्था नव्हती, असे संशोधकांचे उत्तर आहे. हा वाद वाचकांनी मुळातून वाचावा. आमच्या मते टीकेत तथ्य आहे आणि चाचणीने दिलेले ज्ञानही मोलाचे आहे.

पण चाचणी न करण्याचीही किंमत असते. झटक्यानंतर हृदयाचे ठोके चुकणाऱ्या रुग्णांना ठोके नियमित करणारी औषधे द्यावीत, हे अनेक डॉक्टरांना तर्काने पटलेले होते. औषधाने ठोके सुधारलेले दिसतही होते. १९८९ मध्ये चाचणीचा निकाल आला : एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड मिळालेल्या ७३० पैकी ५६ जण दगावले, निर्गुण गोळी मिळालेल्या ७२५ पैकी २२. चाचणीचा तो भाग तिथेच थांबवण्यात आला. असे थांबवण्यालाही शास्त्र आहे. निकालात पुन्हा पुन्हा डोकावले तर फसगतीची शक्यता वाढत जाते : पाच टक्क्यांच्या रेषेवर पाच वेळा पाहिले तर ती सुमारे १४ टक्क्यांवर जाते. म्हणून किती वेळा आणि कोणी पाहायचे, कोणत्या मर्यादेवर थांबायचे, हे आधीच ठरवलेले असते आणि ते काम स्वतंत्र समितीकडे असते.

आपल्यातल्या पुष्कळांना २०२० चा उन्हाळा आठवत असेल. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तद्रवाची, प्लाझ्माची, केवढी मागणी होती. दाते मिळवण्यासाठी नातेवाईक रात्री-बेरात्री फोन फिरवत होते. त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत मध्यम आजाराच्या ४६४ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी घेतली. आजार बळावणे किंवा मृत्यू हे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के आढळले. ऐन साथीत, काही महिन्यांत, आपल्याच डॉक्टरांनी हे उत्तर मिळवले. त्या कामाचा आम्हांला अभिमान वाटतो.

पुस्तक कसे वाचावे याविषयी थोडे. शितावरून भाताची परीक्षा हे तत्त्व पाहणीचे आहे : मतदारांची, पिकांची, कुटुंबखर्चाची. चाचणीत रुग्ण कोणी लोकसंख्येतून उचलून आणत नाही. जे दारी येतात, निकषांत बसतात आणि होकार देतात, तेच मिळतात. चिठ्ठी त्यांच्या निवडीत नसते, वाटणीत असते. हा भेद मनात पक्का केला की पुस्तकातला निम्मा गोंधळ टळतो. चाचणीचा निष्कर्ष इतरांना किती लागू, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागतो आणि त्याला पी-मूल्य उत्तर देत नाही. समूहांच्या वाटपावरचे प्रकरण थोडे जड आहे. तिथे सव्वा लाख स्त्रियांपेक्षा ५२ हा आकडा का महत्त्वाचा, हे येते : एका गावातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात, म्हणून हजार जणींची माहिती हजार सुट्या स्त्रियांइतकी भरत नाही. पहिल्या वाचनात ते सोडले तरी चालेल.

लहान चाचणीत साधी नाणेफेक का पुरत नाही, हे मात्र सोडू नये. वीस रुग्णांसाठी वीसदा नाणे उडवले तर बरोबर दहा-दहा वाटणी होण्याची शक्यता १८ टक्क्यांहूनही थोडी कमी. १४-६ किंवा त्याहून विषम वाटणी सुमारे नऊ वेळांत एकदा होते. यावर चार-चारांचे गट पाडून वाटप करणे, वय किंवा आजाराच्या टप्प्यानुसार आधी थर पाडणे असे उपाय आहेत, आणि प्रत्येक उपायाबरोबर अनुमानाचा हिशेबही बदलतो. वर दिलेले सत्तर प्रकार स्वतः लिहून काढावेत; अकरावीच्या गणिताहून अधिक काही लागत नाही. जिल्हा रुग्णालयांत आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरांनी शोधनिबंध उघडल्यावर निकालाच्या तक्त्याआधी वाटपाचा परिच्छेद वाचावा. भारतातल्या चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सुरू आहे, २००९ पासून नोंद बंधनकारक आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. छापून आलेला मुख्य निकष आणि आधी नोंदवलेला निकष एकच आहे का, हे तिथे ताडून पाहता येते. पत्रकारांनी तर ते पाहावेच.

शेवटची विनंती संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना. या क्षेत्राकडे जरूर या. प्रत्येक चाचणीला वाटपाची यादी तयार करणारा, रुग्ण किती लागतील ते ठरवणारा आणि निकाल उघडण्याआधी विश्लेषणाचा आराखडा लिहून ठेवणारा माणूस लागतो, आणि आपल्या रुग्णालयांत अशी माणसे अजून फार थोडी आहेत.